सोबत कोण

४ मार्च

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून घातलेला नाही. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील आणि 'चिरंजीव' लिहिलं तर खोकं न उघडताच परत पाठवशील.

खोक्यात तीन कामं आहेत. दोन पूर्ण कवळ्या आणि एक अर्धी. साचे वर्कशॉपमधल्या पॉलिशवाल्या काकांनी ओतले आहेत, मी तपासले आहेत, बुडबुडा कुठेही नाही. दात मेणात मांडून नेहमीप्रमाणे पाठव, म्हणजे पेशंटच्या तोंडात घालून बघता येतील. निवृत्त स्टेशनमास्तरांना दात अगदी पांढरे नको आहेत. "माझ्या वयाला शोभतील असे द्या," म्हणतात. तुझ्या बाबांनी त्यांना शब्द दिला होता.

तुझे बाबा गेल्यापासून अशी खोकी तुझ्याकडे येतात आणि काम होऊन परत जातात. आत कधी एक ओळही नसते, आणि व्यवस्था म्हणून मला ती पटते. दात मांडणं या वर्कशॉपमध्ये दोघांनाच यायचं. एक गेले आणि दुसरी लांब जाऊन राहिली. काकांनी प्रयत्न केला, पण त्यांची कवळी घालून माणूस हसला की घोडा हसल्यासारखा दिसतो. ते स्वतःच असं म्हणतात.

आज पत्र घातलंय, त्याला कारण आहे. मला आठवा लागला. काल तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. पहिल्यांदा मोजल्यावर त्यांचा यंत्रावर विश्वास बसला नाही आणि दुसऱ्यांदा माझ्यावर. मग विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"रिक्षावाला," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, वय चव्वेचाळीस, पहिलंच बाळंतपण, त्यात हा रक्तदाब. पुढच्या वेळी सोबत घरचं माणूस आणा. मला त्यांच्याशी बोलायचंय. ऐनवेळी निर्णय घ्यायची वेळ आली, तर मी तो कोणाला विचारू?"

मी सांगितलं की निर्णय आजवर मीच घेत आले आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही बेशुद्ध असाल."

तुला हे कळवते आहे, बोलवत नाही. तुझ्या बाबांचं मूल आहे म्हणून कानावर घातलं. तुझ्या आईमागे त्यांनी माझ्याशी लग्न केलं, तरी तुझ्यासाठी मी काकूच राहिले. त्यांना नेलं त्या दिवशी दारात उभी राहून तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आमच्या घरातलं आता कोणी उरलं नाही." मला चौथा चालू होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि तुलाही. मी तेव्हा गप्प राहिले, कारण माणसं आली होती.

काकू

११ मार्च

खोकं मिळालं. काम चोख आहे. स्टेशनमास्तरांनी आरशात बघून "हा मीच आहे" असं म्हटलं, म्हणजे पसंत.

तुझी चिठ्ठीही मिळाली. "दुसऱ्या पेशंटचा चावा चुकलाय, माप पुन्हा घ्यायला सांगा." बाकी अवाक्षर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. चाव्याचं तुझं म्हणणं बरोबर निघालं. वरचे-खालचे दात कसे मिळतात त्याचं माप दंतवैद्यांनी घाईत घेतलं होतं. त्यांना मी फोनवर काय सुनावलं ते काकांना विचार, ते रंगवून सांगतील.

रविवारी दादा-वहिनी येऊन गेले. माझ्या थोरल्या भावाला तू लग्नात पाहिलं आहेस. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला होता तो. वहिनीने येताना बाळाची टोपडी, दुपटी, झबली असा ढीग आणला. स्वयंपाकघरात शिरून माझे डबे हुंगले, पलंगाची जागा बदलायला लावली, आणि मग हातात हात घेऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही कसलीही काळजी करू नका. काही कमीजास्त झालंच, तर आम्ही आहोत."

"कमी म्हणजे काय आणि जास्त म्हणजे काय, वहिनी?"

"अहो, बोलायची पद्धत असते."

"पद्धत मला माहीत आहे. मी अर्थ विचारते आहे."

दादा मध्ये पडला. "उगाच शब्दात नको पकडूस तिला. तूही आमच्याकडेच वाढलीस ना? मग तुझंही वाढेल." पुढे सहज बोलल्यासारखं सांगितलं की त्यांनी मागची खोली रंगवून घेतली आहे. खिडकीला जाळी लावली आहे. पाळणाही ठरवला आहे.

म्हणजे मी अजून चालती-बोलती आहे आणि तिकडे पाळण्याला दोरी बांधून झाली.

मी कशी वाढले ते तुला सांगितलेलं नाही. आईवडील गेले तेव्हा मी शाळेत होते. दादाने नेलं, जेवू घातलं, कॉलेजात घातलं. हे मी विसरू नये म्हणून त्या घरात कोणी ना कोणी सतत जागं असायचं. दूध घेतलं की "घे, घे, तुझंच आहे" असं ऐकायला यायचं. आपल्या घरात कोणी असं म्हणतं का? रसायनशास्त्रात पहिली आले, तेव्हा पेढे वहिनीने वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या यांनी शिकवली." मारहाण कधीच नाही, उपासमार नाही. तक्रार करायला जागाच ठेवली नव्हती.

असो. या खेपेला चार कामं आहेत. चौथं एका बाईचं. बाजूचा एक दात टोस्ट खाताना तुटला. एकच दात करायचा आहे, खालचा-वरचा असे दोन्ही साचे घातले आहेत. शाळेत नोकरी करते. घाई नाही, पण फार लांबवूही नकोस.

काकू

१९ मार्च

तुझी चिठ्ठी समोर ठेवून लिहिते आहे.

"चौथं काम: हा जबडा मी ओळखते. जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं समोर होता आणि 'सरळ बस' म्हणायचा. शाळेत नोकरी कधीपासून? दात केला आहे, पण आत्ता बसवू नका. हिरड्या सुजल्यात, साच्यातसुद्धा दिसतंय. बाळंतपण झाल्यावर बसवा. दाढा ताज्या झिजल्यात. झोपेत दात खाताय. एकट्या झोपू नका."

काकांनी चिठ्ठी माझ्याआधी वाचली आणि इतके हसले की मशीनवरची कवळी हातातून निसटून भिंतीवर आपटली. "बाई," ते म्हणाले, "पोरगी साच्यावरून माणूस ओळखते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तिच्या बापाने लहानपणी तिच्याशी तोच खेळ मांडला होता. साचे ओळीने ठेवायचे आणि विचारायचं, हे कोणाचं तोंड?"

मला ठाऊक होतं. सहा वर्षं त्या घरात काढली आहेत मी.

नाव का लपवलं विचारशील. माझ्या नावाने पाठवलं असतं तर तू दात केला असतास की नसतास, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. एवढंच.

दात बघितला. रंग जुळला आहे. कडेचा बारीक उंचवटाही घातला आहेस, जो माझ्या दाताला आहे आणि कोणाच्या लक्षात येत नाही. कपाटात ठेवला आहे. तू म्हणतेस तसा नंतर बसवीन.

एकटी झोपू नको म्हणतेस. कोणाला बोलावू? वहिनी यायला एका पायावर तयार आहे. रात्रभर ती माझ्या पोटाकडे बघत बसेल.

तर आता सरळ लिहिते, कारण आडून लिहिणं मला जमत नाही हे एका दाताने सिद्ध झालं. मला काही झालं, तर मूल दादाकडे जाता कामा नये. मला ते तुझ्याकडे जायला हवं आहे. डॉक्टरीणबाईंना कोणाचं तरी नाव सांगायचंय. तू सांग म्हणालीस तर तुझं सांगते. नाही म्हणालीस तर गप्प बसेन, आणि गप्प बसले की जवळचा नातेवाईक म्हणून दादा आपोआप पुढे होईल. तो कायम दारातच उभा असतो.

तू मला आवडतेस म्हणून विचारत नाही. आपण दोघींनी त्याबाबतीत एकमेकींना कधी फसवलेलं नाही. तू हातातलं काम अर्धं टाकत नाहीस आणि कोणावर उपकार केले तर ते बोलून दाखवत नाहीस. मुलाला एवढं पुरतं. मला तेवढंही मिळालं नव्हतं.

काकू

२८ मार्च

या वेळी खोक्यात चिठ्ठीऐवजी पत्र निघालं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. काकांच्या हाती लागू दिलं नाही.

तू विचारतेस, "काम असलं की मी आठवते. हेही कामच का?" हो, कामच आहे. इतर कामांसाठी माणसं मिळतात, याच्यासाठी मिळाली नाहीत.

तू लिहितेस, "मी सव्वीस वर्षांची आहे. माझं लग्न व्हायचंय. कोणाचंतरी मूल घेऊन मी कुठे फिरू?" हा प्रश्न रास्त आहे. 'कोणाचंतरी' हा शब्द मात्र रास्त नाही.

आणि तू विचारतेस, "बाबांना या वयात हे हवं होतं का, की तुम्ही ठरवलंत आणि त्यांनी मान डोलावली?"

हे वाचून मी पत्र ठेवलं आणि वर्कशॉपमध्ये जाऊन प्लॅस्टरची पोती मोजली. ती मोजायची काही गरज नव्हती. नंतर परत येऊन बसले.

तर ऐक. मी ठरवलेलं नव्हतं. मला वाटलं, पाळी जायचं वय आलं. डॉक्टरांकडे गेले तेही त्याचीच गोळी मागायला. घरी येऊन त्यांना सांगितलं तेव्हा ते बाकावर बसून कोणाच्यातरी समोरच्या दातांचं मेण कोरत होते. मी म्हणाले, "लोक हसतील." त्यांनी मेण कोरून पूर्ण केलं, हत्यार पुसलं, चष्मा काढला. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे पडलेले दात बसवले. आता नवीन येताना बघू की." आणि त्या दिवसापासून जो भेटेल त्याला विचारत सुटले, पहिला दात कितव्या महिन्यात येतो म्हणून. ज्यांनी उभा जन्म दातांत घालवला, त्यांना एवढं माहीत नव्हतं. तुझे आले तेव्हा तुझ्या आईने लिहून ठेवलं होतं म्हणे, ते तेव्हा रात्ररात्र बाकावर काम करत असायचे.

तुला फोनवर त्यांनीच सांगितलं. मी म्हणत होते की भेटल्यावर सांगा. त्यांना दम निघेना. तू फोन ठेवून दिलास. ते बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते आणि मला सांगत होते, "लाईन गेली वाटतं." नंतर तू आलीस ती त्यांना नेलं तेव्हाच. हे मी उगाळत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

'हो' की 'नाही' एवढंच कळव. कारणं नकोत, मला ती पाठ आहेत.

काकू

५ एप्रिल

हे पत्र खोक्यातून येणार नाही. काका स्वतः बसने घेऊन येत आहेत. त्यांना चहा दे. ते मागणार नाहीत.

मी परवापासून दवाखान्यात आहे. पायांवर सूज होतीच, आता चेहऱ्यावर आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी वर्कशॉपच्या पायरीवर बसले, तिथून काकांनी थेट इथे आणलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवस भरायची वाट बघण्यात अर्थ नाही. सोमवारी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं.

दादा-वहिनी आले आहेत. वहिनीने सगळ्या वॉर्डाशी ओळख करून घेतली. नर्सला 'बाळ आमच्याकडेच येणार' असं सांगून झालं आहे. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, "नशीबवान आहात हो, माणसं किती जिवाला जीव देणारी!" मी भिंतीकडे तोंड केलं. दादाची सवय माझ्यात उतरली आहे.

तू काकांजवळ फोनवर म्हणालीस, "काकूंना सांगा, मी येत नाहीये." त्यांनी मला ते तसंच सांगितलं, ते बिचारे काही झाकून ठेवू शकत नाहीत. ठीक आहे. उत्तर मागितलं होतं, मिळालं.

तरी हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की सोमवारनंतर तुझ्याकडे खोकी आली नाहीत तर काम काढून घेतलं असा गैरसमज नको. वर्कशॉपची किल्ली काकांकडे आहे. बाबांचा बाक, त्यांची हत्यारं तुझी आहेत. ती मी कोणाला वापरू दिलेली नाहीत. काकांनासुद्धा नाही, आणि त्यावरून ते माझ्यावर रुसले होते.

मुलाचं आता मी बघते. म्हणजे दादा बघेल.

काकू

८ एप्रिल

तू बाहेर बाकावर बसली आहेस आणि मी आत खाटेवर. मधलं दार उघडं आहे. इथून मला तुझी चप्पल दिसते. तरी लिहिते, कारण काल समोरासमोर बोललो त्याचं काय झालं ते वॉर्डभर सगळ्यांनी ऐकलं.

काल दुपारी तू आलीस. पिशवीत पूर्ण झालेल्या दोन कवळ्या. म्हणालीस, "काम द्यायला आले होते. काका म्हणाले तुम्ही इथे आहात." काका तुझ्या मागे उभे राहून छताकडे बघत होते. माझं पत्र त्यांनीच तुझ्या हाती दिलं होतं; जन्मात पहिल्यांदाच ते कोणाच्या खोट्यात सामील झाले आणि त्यांना ते झेपत नव्हतं.

मी म्हणाले, "कवळ्या दवाखान्यात कशाला आणल्यास? इथे काय माझ्या तोंडात घालणार आहेस?"

तू म्हणालीस, "तोंड बंद राहणार असेल तर घालते."

शेजारच्या बाईने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. ती हसत होती.

आणि मग तू मुद्द्यावर आलीस. उभ्यानेच बोललीस, बसली नाहीस. "मूल माझ्याकडे आलं तर मी नीट वाढवीन. पण ते माझ्या आईच्या फोटोला आई म्हणेल. तुम्हाला मी जे म्हणते तेच म्हणेल. काकू."

"माझ्या पोटचं मूल मला काकू म्हणेल?"

"तुम्ही तेव्हा नसालच ना."

मी विचारलं, "आणि कोणाचं म्हणून सांगशील त्याला?" तू म्हणालीस, "बाबांचं. तेवढं पुरे आहे." मी म्हणाले, "मग जा, मला तुझं उपकाराचं वाढवणं नको." तू पिशवी उचललीस आणि गेलीस. मी समजले, संपलं. रात्री वहिनीने माझ्या उशाशी बसून बाळाची नावं सुचवली. मी सगळी ऐकून घेतली.

आज सकाळी मला तयार करून ठेवलं तेव्हा तू परत बाहेर होतीस. कालचेच कपडे. कुठे झोपलीस, वर्कशॉपमध्ये? केसांना प्लॅस्टर लागलंय.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खाटेजवळ उभं राहून सगळ्यांना विचारलं, "बाळ बाहेर आल्यावर कोणाच्या हातात द्यायचं?"

दादा पुढे झाला. "माझ्या. मी सख्खा भाऊ."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू दारातून म्हणालीस, "माझ्याकडे द्या."

"तुम्ही कोण?"

"बाळाची बहीण."

दादा म्हणाला, "सावत्र." मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं.

तू म्हणालीस, "ते बाळाला अजून कोणी सांगितलेलं नाही."

वहिनीच्या हातातलं टोपडं तसंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "ती म्हणते तसं करा." त्यांनी मान हलवली. दादा आता जिन्यावर उभा राहून कोणाकोणाला फोन करतो आहे. मी किती कृतघ्न निघाले ते आज गावभर होईल. होऊ दे. इतकी वर्षं तो शब्द माझ्या उंबऱ्यावर ताटकळत होता, अखेर आत आला.

तू माझी कोण, हे मात्र तू सांगितलं नाहीस, आणि मला कोणी विचारलंही नाही. बाळाची बहीण, म्हणजे तुझ्या बाबांचं मूल आणि तुझ्या बाबांची मुलगी. मधून मला अगदी सफाईने कापून काढलंस. तुझा हात पहिल्यापासून स्वच्छ आहे.

मी ते घेते आहे. आभार मानत नाही, तुलाही आवडणार नाहीत. मी परत आले नाही तर फोटो कोणाचा लावायचा आणि त्याला काय म्हणायचं, ते तुझं तू बघ. तिथे माझा हक्क चालणार नाही, हे मला कळतं. फक्त मी गोड होते, प्रेमळ होते असलं काही सांगू नकोस. ते खोटं मुलं लगेच ओळखतात आणि मग खऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

पण परत आले, तर ते मला आईच म्हणेल. तुझ्यासमोर म्हणायला लावीन आणि तुला ते ऐकावं लागेल. कालचं भांडण अर्धं राहिलं आहे, तू मधेच पिशवी उचलून निघून गेलीस. मला बाहेर आणतील तेव्हा तिथेच थांब. बाकी काही खाऊन घे आणि केस धू.

न्यायला आले आहेत. हे नर्सच्या हाती देते.

काकू